मतदारसंघाच्या रेघा

बार्बरा जॉर्डन यांचे नाव निघाले की निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीत १९७४ साली त्यांनी केलेल्या भाषणाचे स्मरण होते. ते स्वाभाविकच आहे. परंतु या कृष्णवर्णीय वकीलबाईंची खरी कसोटी टेक्सासच्या विधिमंडळात लागली, याचा सहसा विसर पडतो.

बोस्टन विद्यापीठाची कायद्याची पदवी १९५९ साली घेऊन त्या ह्यूस्टनला परतल्या व आईवडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलावरच त्यांनी वकिली थाटली. १९६२ आणि १९६४ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत त्या पडल्या. त्यांच्या वक्तृत्वात काही उणे होते काय? मुळीच नाही. हॅरिस परगण्यातील प्रत्येक जागेसाठी साऱ्या परगण्याने मत द्यायचे, अशी रीत होती आणि तीत कृष्णवर्णीय वस्त्यांची मते बुडून जात. मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात असले पाहिजेत, असा दंडक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली घालून दिला, टेक्सासला नवी आखणी करावी लागली आणि १९६६ साली याच बाई सिनेटवर निवडून आल्या. १८८३ नंतर त्या सभागृहात पाऊल टाकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. उमेदवार तोच होता, रेघ तेवढी बदलली होती!

३१ जणांच्या त्या सभागृहात त्यांनी आरडाओरडा केला नाही. मतदार नोंदणीवर निर्बंध लादणारे विधेयक रोखण्यासाठी त्यांनी दहा सहकाऱ्यांचा शब्द मिळविला. अकरा जण अडून बसले की तेथे विधेयक पुढे सरकत नसे. राज्याच्या पहिल्या किमान वेतन कायद्यासाठीही त्या झटल्या. विरोधकांशी गोडीने वागतात म्हणून स्वकीयांनी त्यांना बोल लावला, तो आम्हांस अन्यायाचा वाटतो.

एक आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. १९७१ च्या फेरआखणीत ह्यूस्टनमध्ये काँग्रेसचा असा मतदारसंघ निघाला की जेथून जॉर्डनबाई १९७२ साली वॉशिंग्टनला गेल्या. सिनेटमधील त्यांच्या जुन्या मतदारसंघाची मात्र मोडतोड झाली. काँग्रेसच्या जागेसाठी त्यांनी सिनेटची जागा विकली, असा आरोप प्रतिस्पर्धी कर्टिस ग्रेव्हज यांनी उघडपणे केला. सौद्याचा पुरावा नाही, तेव्हा आम्हीही तो शब्द वापरणार नाही. परंतु फेरआखणीच्या समितीत त्या स्वतः होत्या आणि रेघेची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? टेक्सासच्या सिनेटमध्ये पुढचा कृष्णवर्णीय सदस्य आला तो १९८३ साली.