इंग्रजी वाक्प्रचार आणि कचेरी

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गेल्या दिवाळींत भेटावयास आला होता. नोकरी लागून वर्ष होतें न होतें तोंच तो आठ दिवस तापानें अंथरुणास खिळला; परंतु रजेच्या अर्जांत त्यानें ‘अंडर द वेदर’ असा झोकदार वाक्प्रचार घातला. प्रकृति किंचित् बरी नसणें, एवढाच त्याचा अर्थ. वरिष्ठांनीं किरकोळ पडसें समजून चार दिवसांचा पगार कापला. दोष त्या मुलाचा नव्हे, आमचा. वाक्प्रचारांच्या याद्या आम्हींच त्याजकडून घोकून घेतल्या होत्या. ते कोठें वापरूं नयेत हें मात्र कधीं सांगितलें नाहीं.

या बाबतींत मोठमोठ्यांचीही फसगत झाली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनीं एक निकडीचा कागद ‘टेबल’ करावा असें अमेरिकन सहकाऱ्यांस सुचविलें. ब्रिटिशांच्या भाषेंत त्याचा अर्थ चर्चेस घेणें, अमेरिकनांच्या भाषेंत बाजूस टाकणें. विषय चर्चेस यावा असें दोघांनाही वाटत होतें, तरी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, असें चर्चिलसाहेबांनीं आपल्या युद्धाच्या इतिहासांत नमूद केलें आहे. आज आमच्या मुलांस लंडन व न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणच्या पत्रांना उत्तरें द्यावीं लागतात. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

कानीं पडलेला वाक्प्रचार मात्र पुरता कळला पाहिजे, आणि मुळासकट कळला तर तो विसरत नाहीं. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६४ सालीं, अँडरसनव्हिल येथील बंदिशाळेंत कुंपणाच्या आंत एक हलका लांकडी कठडा होता. तो ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी गोळी घालीत. त्यासच ‘डेडलाइन’ म्हणत. हें कळल्यापासून गृहपाठाची तारीख सांगतांना आमचा स्वर जरा मवाळ झाला आहे.

‘गेट द सॅक’ म्हणजे नोकरी जाणें. ‘मला गोणी मिळाली’ असें कोणी म्हणाल्यास आपण धान्याचा भाव विचारूं. आपल्याकडे अशा वेळीं नारळ मिळतो! ‘बॅक टु स्क्वेअर वन’ यास आपलें ‘पहिले पाढे पंचावन्न’ आहेच. ज्यास स्वभाषेंतील वाक्प्रचार येत नाहींत, त्याच्या मनांत इंग्रजीचाही अर्थ पक्का बसत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

त्या विद्यार्थ्यानें आमच्यासमोरच नवा अर्ज लिहिला. आठ दिवस ताप होता. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.