सणांची गर्दी आणि बालवाडीतले मूल

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. उन्हाची काहिली ओसरेपर्यंत जून संपत येतो. त्यामुळे दिवाळीपूर्वीचे सत्र आखूड होते, सण मात्र तेवढेच राहतात. नागपूरच्या महाल भागात गांधी गेट ते बडकस चौक या गजबजलेल्या वस्तीतून बालवाडीत येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाला हे सत्र कसे जात असेल, याचा विचार ख्रिस्ती शाळांनी आणि आपण पालकांनी करण्याजोगा आहे.

सत्राची सुरुवात तान्ह्या पोळ्याने होते. मुलांनी लाकडी बैल सजवावा, घरोघरी न्यावा आणि बोजारा मिळवावा ही नागपूरची खास रीत असून परंपरा तिचे श्रेय भोसले राजघराण्याला देते. त्याच दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. मागोमाग गणपती येतात. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव, १ ऑक्टोबरला बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण, नंतर दसरा आणि दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन, पुढे दिवाळी. शाळा पुन्हा भरली की १४ नोव्हेंबरचा बालदिन आणि आगमनकाळाबरोबर नाताळच्या नाटिकेची तयारी. याखेरीज चाचणी, पालकसभा आणि क्रीडादिन असतातच.

यातला कोणताही प्रसंग वाईट नाही. प्रश्न आहे तो प्रसंग कोणासाठी साजरा होतो, हा. तान्ह्या पोळ्याचा बैल मुलाच्या हातात असतो. त्याची दोरी ते स्वतः ओढते आणि पडला तर स्वतः उचलते. तो सण मुलाचाच आहे. याउलट स्नेहसंमेलनासाठी तीन आठवडे त्याच त्या हालचाली घोटून घेतल्या, भाड्याचा पोशाख चढवला आणि व्यासपीठावर रडू आले म्हणून मुलाला दटावले, तर तो सोहळा पाहुण्यांचा आणि छायाचित्रांचा होतो. सत्र भरगच्च झाले. मूल मात्र रिकामे राहिले.

बालशिक्षणाच्या थोर प्रवर्तकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममधील सान लोरेन्सो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणादिवशी, आपले पहिले बालगृह उघडले. मुलाला हाताने काम करू द्या, त्याच्या गतीने चालू द्या, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि परिसरातल्याच वस्तूंतून शिक्षणसाधने उभी केली. विदर्भाला ताराबाई परक्या नाहीत. अमरावती हे त्यांचे सासर.

सण हे दिसणारे ओझे. अभ्यासाचे ओझे त्याहून सूक्ष्म. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू लेखनासाठी पुरेसे तयार नसतात. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे हीच त्याची लेखनाची पूर्वतयारी. तरीही शेजारच्या मुलाची वही भरली म्हणून आपण शिक्षिकेकडे गृहपाठ मागतो. यशपाल समितीने १९९३ सालीच शाळेच्या ओझ्याबद्दल देशाला सावध केले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत टप्पा मानून खेळाधारित शिक्षणाला अग्रस्थान दिले. महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गापासून त्याची अंमलबजावणी २०२५-२६ मध्ये सुरू झाली.

परंतु धोरण आणि कायदा यांत अंतर आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. सहा वर्षांखालील बालकांसाठी राज्यघटनेचे कलम ४५ शासनाला केवळ प्रयत्नशील राहण्यास सांगते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाड्यांचे मोठे जाळे विणले, हे खरे. पण खाजगी बालवाडीत मुलाचा दिवस कसा जावा, हे बहुतांशी संस्थेच्या विवेकावरच सोपवलेले आहे. जेथे कायदा सैल असतो, तेथे ख्रिस्ती संस्थेचा विवेक अधिक जागा असायला हवा. २ ऑक्टोबर हाच रक्षक देवदूतांचाही सण आहे, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये.

महालाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १७ मार्च २०२५ च्या सायंकाळी याच भागात हिंसाचार उसळला आणि जुन्या शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. मोठ्यांचा रोष मुलांना कळत नाही. बंद दार मात्र कळते. अशा वस्तीत वेगवेगळ्या घरांतली मुले एकाच सतरंजीवर बसून डबा उघडतात, ही बालवाडीची सर्वांत मोठी कमाई आहे. नागपूरला या परंपरेची जुनी ओळख आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली येथे शाळा काढली; त्यांच्या नावाचे महाविद्यालय सिव्हिल लाइन्सला जाण्यापूर्वी महालातच होते. कॅथलिक मिशनची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची. या संस्थांच्या वर्गांत सर्व धर्मांची मुले शेजारी शेजारी बसली. तेव्हा इतक्या सणांचे प्रयोजनही याच कसोटीवर ठरावे: आयशाला लाकडी बैल ओढता आला का आणि आर्यनला गव्हाणीत गवत अंथरता आले का.

मग करायचे काय? शाळेने सत्राच्या आरंभी सणांची यादी करताना मुलांचे सण कोणते आणि पाहुण्यांचे कोणते, हे वेगळे काढावे. दुसऱ्या यादीतले निम्मे गाळले तरी काही बिघडणार नाही. आठवड्यात किमान एक दिवस कोणत्याही तालमीविना जावा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाशी शिक्षिकेने पहिल्या दिवसांत त्याच्याच बोलीत बोलावे. पालकांनी वही मागण्याऐवजी आज तू कोणाबरोबर खेळलास, असे मुलाला विचारावे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात मातापित्यांना मुलांचे पहिले शिक्षक म्हटले आहे. तो मान घ्यायचा तर ती जबाबदारीही आपलीच.

बालकांना प्रभू येशूकडे आणले गेले, तेव्हा त्यांना अडवणारे परके नव्हते, शिष्यच होते. त्यांनाही बहुधा पुढच्या कार्यक्रमाची घाई असावी. येत्या सत्राचे वेळापत्रक आखताना आपली गणना त्यांच्यात होऊ नये, एवढे तरी आपण पाहू या.