ऐन भरात थांबलेली शर्यत

जपानमध्ये १९८३ साली सुरू झालेली स्पोर्ट्स प्रोटोटाइप मोटारींच्या शर्यतींची राष्ट्रीय मालिका १९९२ च्या हंगामानंतर बंद पडली. दहा हंगामांचे आयुष्य तसे अल्पच. परंतु तिच्या अखेरच्या वर्षाची हकीकत मोठी विलक्षण आहे.

या शर्यती केवळ वेगाच्या नव्हत्या. ५०० किंवा १००० किलोमीटरांचा पल्ला, एकाच गाडीवर आळीपाळीने बसणारे चालक, आणि इंधन मात्र मोजून मिळायचे. ‘ग्रुप सी’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे १९८२ मधील मूळ गणित असे, की १००० किलोमीटरांस ६०० लिटर पेट्रोल. म्हणजे लिटरला पावणेदोन किलोमीटरही नाहीत! आपल्या स्कूटरवाल्यांना हसू येईल; पण ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेग घेणाऱ्या गाडीला तेवढ्यात मुक्काम गाठायचा असे. फार पळवावी तर टाकी रिकामी, जपून न्यावी तर प्रतिस्पर्धी पुढे. माझ्या मते या खेळाची खरी गोडी ह्या हिशेबातच होती.

आणि जपानी मंडळी त्या हिशेबात तरबेज झाली होती. १९९१ साली माझ्दाच्या गाडीने फ्रान्समधील ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. जपानी गाडीचा तेथील तो पहिला विजय. तिच्या इंजिनात वर-खाली धावणारे दट्टेच नव्हते, चार त्रिकोणी चक्रे गरगरत असत. पुढे फेब्रुवारी १९९२ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे निस्सानने बाजी मारली. हासेमी, होशिनो आणि सुझुकी हे तिन्ही चालक जपानी! त्याच वर्षी मायदेशीचे अजिंक्यपदही काझुयोशी होशिनो यांनी निस्सानसाठी राखले.

मग मालिका का मावळली? जागतिक नियम बदलून फॉर्म्युला वनच्या धर्तीची साडेतीन लिटरची इंजिने आली. ती विलक्षण महाग. पोर्शे विकत घेऊन हौसेने उतरणाऱ्या खाजगी संघांना हा खर्च कुठून झेपणार? त्यातच जपानमधील शेअर आणि जमिनीच्या भावांचा फुगा फुटला होता. जागतिक मालिकाही १९९२ अखेरच संपली.

निस्सानने नव्या नियमांप्रमाणे बारा सिलिंडरांची ‘एनपी ३५’ नावाची गाडी सिद्ध केली होती. नोव्हेंबरात मिने येथील शेवटच्या शर्यतीत ती धावली, तेवढीच. नंतर ती कोणत्याही शर्यतीत उतरली नाही.