चौकशीला नेले, पण वेळ कोणी लिहिली?

वस्तीतल्या कमावत्या पोराला पोलीस घेऊन जातात. "नुसती चौकशी आहे, तासाभरात सोडतो," असे सांगतात. तासाचा दिवस होतो, एकाचे तीन दिवस होतात. ठाण्यात विचारावे तर "आम्ही कुठे अटक केलीय?" असे उत्तर मिळते. आई डबा घेऊन पायरीवर बसून राहते. त्या नोंद नसलेल्या तासांत आत काय घडले, याला साक्षीदार नसतो. म्हणून आज आम्ही त्या तासांविषयीच लिहीत आहोत.

अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केलेच पाहिजे. (प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम वेगळे आहेत.) ही कोणा फौजदाराची मेहेरबानी नव्हे, हे घटनेचे कलम २२ आहे. घटनेच्या पहिल्या मसुद्यात हे कलम नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी ते घटना समितीपुढे मांडले. अशी तरतूद फौजदारी कायद्यात आधीपासून होती. पण साधा कायदा उद्याचे सरकार बदलू शकते, म्हणून बाबासाहेबांनी ती घटनेतच बसवली.

पुढची पायरी एका पत्राने गाठली. कोठडीतल्या मृत्यूंविषयी पश्चिम बंगालच्या डी. के. बसू यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी देशभरच्या पोलिसांना अकरा आदेश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्यांतील मुख्य गोष्टी आहेत. त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात.

साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचे तर हुकूम लेखी हवा. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठीपुढची माणसे, अपंग आणि फार आजारी यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनीच घरी यायचे. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचा कागद जागेवरच व्हायला हवा. त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी. अटकेचे कारण सांगायला हवे आणि नातेवाइकाला कळवायला हवे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादच असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. अटकेनंतर डॉक्टरी तपासणी करावी लागते आणि तिचा अहवाल अटक झालेल्याला मिळतो.

मग आपण काय करायचे? पोलिसांशी हुज्जत घालू नका, अंगावर जाऊ नका. त्याने दुसरा गुन्हा लागतो. घड्याळ पाहा. किती वाजता नेले, गाडीचा नंबर काय, पट्टीवर नाव कोणते, सोबत कोण उभे होते, हे मुलीच्या वहीत का होईना, लगेच लिहा. लेखी हुकूम मागा. ठाण्यात "इथे नाही" म्हणाले तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने अर्ज टाका आणि पावती जपा. माणूस दडवून ठेवला असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो. त्या वेळी ही वही आणि ही पावती कामी येते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. अनुसूचित जातीची माणसे, स्त्रिया आणि कोठडीतला कोणीही, यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. १९९० सालच्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे विसरू नका.

आणि मुलांना आजच एक गोष्ट सांगून ठेवा. मार बसला असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहताच तोंड उघडायचे. त्यांनी विचारो वा न विचारो, वळ दाखवायचे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायदा शिकणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ती माऊली गेली, म्हणून २०२५ साली आदेश निघाला.

बाबासाहेबांनी चोवीस तासांचे बंधन घालून ठेवले आहे. ते तास मोजायचे काम आपले आहे.