भिंत बंद करण्याआधी

प्रति,
आयुक्त, भोपाळ महानगरपालिका. मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाचे अभियंते. आणि घरकर्जाच्या फायली तपासणारे बँकांचे मूल्यमापक यांस,



न्यू मार्केटजवळच्या एका भागाला भोपाळकर आजही ‘टिन शेड’ म्हणतात. अशा शहरात हलक्या पोलादी सांगाड्याच्या घराचं नाव काढलं की लोकांना पत्र्याची शेडच आठवणार: मे महिन्यात भाजणार, वादळात उडणार, दहा वर्षांत गंजणार. अशी चार घरं नीट उभी राहिली की लोकांचे हे गैरसमज आपोआप जातील. काळजी वाटते ती तुमच्या टेबलांवरच्या गैरसमजांची, कारण त्यांच्यावर सही-शिक्का होतो.

आधी लोकांचं बघू. जस्ताचा थर दिलेला, साधारण एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा न तापवता वाकवून ‘सी’ आकाराचे उभे खांब, म्हणजे स्टड, बनवतात आणि ते स्क्रूने जोडून सांगाडा उभा करतात. बाहेरून सिमेंट बोर्ड, आतून जिप्सम बोर्ड, मध्ये उष्णता अडवणारा रॉकवूल. भिंतीवर टकटक केली की पोकळ वाजते, आणि पाहुणा तिथल्या तिथे निकाल देऊन मोकळा होतो. पण जड भिंत म्हणजे भक्कम घर हा हिशेब ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात खोटा ठरला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाबरोबर वाढतो. आगरतळा देशातल्या अतिधोक्याच्या भूकंप-पट्ट्यात आहे, आणि केंद्राच्या लाइट हाउस योजनेतली तिथली १,००० घरं हलक्या पोलादी पद्धतीचीच आहेत. भोपाळ भूकंपाच्या बाबतीत पुष्कळ सुरक्षित आहे, तरी ताकदीची शंका मिटायला हा दाखला पुरेसा व्हावा.

त्याच योजनेत, १ जानेवारी २०२१ या एकाच दिवशी, इंदूरच्या १,०२४ घरांचीही पायाभरणी झाली. पण तिथली पद्धत सँडविच पॅनेलची आहे. दोन्हींना ‘प्रीफॅब’ म्हणून एकाच फायलीत बांधू नका. इंदूरचा अनुभव, बरा असो की वाईट, भोपाळच्या स्टडवाल्या घराला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता तुमचे गैरसमज. पहिला आणि सर्वांत महागात पडणारा: घर हलकं, तेव्हा पाया जेमतेम चालेल. भोपाळच्या आसपास जिथे काळी माती आहे तिथे हे नेमकं उलट आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जड इमारत तिला थोडीफार दाबून धरते. हलक्या घराला ती सरळ वर उचलते, आणि सगळीकडे सारखं उचलत नाही. मग दारं अडकतात, बोर्डांचे सांधे उघडतात आणि दोष येतो पोलादावर. अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल आहेत, त्यांची स्वतंत्र भारतीय मानकसंहिताही आहे. वाऱ्याचंही तसंच. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय संहितेत भोपाळसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. इतक्या हलक्या घराचा पाया ते उचलून धरतो तसाच खाली धरूनही ठेवतो. अँकर बोल्ट किती, कुठे, किती खोल, हे नकाशावर नसेल तर तो नकाशा परत पाठवा.

दुसरा गैरसमज: रॉकवूल भरला की उकाड्याचा प्रश्न संपला. पोलादातून उष्णता विटेच्या पन्नासपटीहून अधिक सहज जाते, त्यामुळे प्रत्येक स्टड ही रॉकवूलला वळसा घालणारी वाट ठरते. ती अडवायला सांगाड्याच्या बाहेरून उष्णतारोधक थर सलग हवा. नेमका हाच थर खर्च कापताना आधी जातो. २०१८ च्या इको निवास संहितेत भिंतींसाठी आणि छतासाठी उष्णतेच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. परवानगीच्या अर्जासोबत तेवढा हिशेब मागा. बाकी, अशी भिंत रात्री लवकर निवते हा भोपाळच्या उन्हाळ्यात छोटा फायदा नाही.

गंजाबद्दल लोक निम्मे बरोबर आहेत. चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. समुद्रापासून दूर, कोरड्या भिंतीच्या आत ते वर्षाला एक मायक्रॉनही झिजत नाही. पण आपल्याकडे भिंत कोरडी राहते कुठे? खिडकीखाली कूलर, कूलरची गळकी टाकी, आणि एप्रिल ते जून खालची भिंत ओलीच. आराखडा करणाऱ्याने कूलरचा स्टँड आणि त्याच्या पाण्याचा निचरा आधीच दाखवला पाहिजे. एसीच्या नळीसाठी कारागीर स्टड कापून ठेवतो, तेही थांबवायला हवं. घराच्या चाव्यांबरोबर रहिवाशाला भिंतीतल्या स्टडचा नकाशा द्या, त्याच्या भाषेत.

तिसरा गैरसमज, कारखान्यातून आलं म्हणजे देखरेख नको. विटेच्या बांधकामात चूक डोळ्यांना दिसते. इथे जस्ताचा थर, स्क्रूंची संख्या, तिरपे आधार, रॉकवूल, सगळं बोर्डामागे जातं. आगीचंही तेच: पातळ पोलाद झटकन तापतं, त्याला वाचवतो तो जिप्सम बोर्ड, आणि ठरलेल्या दोन थरांच्या जागी एकच लावला तर बाहेरून कुणाला कळणार? म्हणून भिंत बंद करण्याआधी अभियंत्याची तपासणी आणि उघड्या भिंतींचे फोटो, एवढं पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी सक्तीचं करा. फोटोंचा तोच संच मूल्यमापकांनी मागावा. तो असेल तर घराला ‘तात्पुरतं बांधकाम’ ठरवण्याचं कारण उरत नाही. नसेल तर कर्ज खुशाल नाकारा.

आणि निविदेत ‘स्वस्त’ हा शब्द लिहू नका. या पद्धतीत वाचतो तो मुख्यतः वेळ.

कळावे,
भोपाळचा एक रहिवासी