चाकावरचा बाण

मैत्रिणींनो, आजचा विषय ऐकून पान उलटू नका. विषय आहे मोटारीच्या टायरचा! "हे काय आपलं काम? ते घरातले पुरुष बघतील," असे मीही परवापरवापर्यंत म्हणत होते. पण ज्या गाडीत आपली मुले बसतात तिच्या चाकांकडे एकदा डोळे उघडून पाहायला हवे, हे मला जुलैच्या पावसात चांगलेच कळले. म्हणून हा लेखप्रपंच.

झाले असे की माझा धाकटा भाऊ पुण्याहून आमच्याकडे शिरपूरला आला. अजून लग्न नाही, त्यामुळे सगळे लाड गाडीचे. दोनच दारांची, जमिनीला टेकलेली, लालभडक स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायचे म्हणजे साडी सावरून पाटावर बसल्यासारखे खाली बसायचे. सासूबाईंनी तर ओट्यावरूनच विचारले, "हाई गाडी इतली ठेंगनी कशी?"

येताना वाटेत टायर पंक्चर झाले होते. रस्त्यावरच्या एका दुकानात ते काढून घेतले. दुकानदार म्हणाला, "चारही टायर सारखे झिजावेत म्हणून चाकं तिरपी बदलून देतो." म्हणजे पुढचे डावे मागे उजवीकडे, पुढचे उजवे मागे डावीकडे. साध्या टायरांना हे चालते. भाऊ फोनवर बोलत होता. त्याने मान हलवली, पैसे दिले आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला घेऊन तो धुळ्याला पुस्तके आणायला गेला. परतताना पाऊस लागला. सोनगीरच्या पुढे रस्त्यावर पाणी साचले होते. त्या पाण्यात गाडी शिरली आणि स्टीअरिंग एकदम हलके झाले. शेवाळावर पाय पडावा तशी गाडी बाजूला सरकली. नशीब, शेजारी दुसरे वाहन नव्हते. पोर घरी आली ती पांढरीफटक. काही न बोलता तिने तांब्याभर पाणी प्यायले. "वेग जास्त होता गं ताई, माझंच चुकलं," भाऊ म्हणाला. ते खरेच होते. पण मला रात्रभर झोप लागली नाही, कारण सकाळी तो आमच्या ह्यांना घेऊन त्याच गाडीने बिजासनचा घाट चढून इंदूरला जायचा होता.

पहाटे अंगणात रांगोळी काढायला बसले. समोर भावाची गाडी पाठमोरी उभी होती आणि गल्लीच्या तोंडाशी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर, तोही पाठमोरा. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांवरचे जाड दात घराच्या छपरासारखे, टोक वर केलेले. भावाच्या गाडीच्या टायरवरही तशीच नक्षी, पण टोके खाली! हातातली रांगोळी तशीच ठेवली आणि ट्रॅक्टरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांना विचारले, "काका, तुमच्या चाकाचं टोक वर का?" ते हसून म्हणाले, "बाई, उलटं लावं ते टायर गारा भरी लेस, फेकत नही."

गारा म्हणजे आपला चिखल. गोष्ट सोपी आहे. चाक फिरताना नक्षीचे टोक आधी जमिनीला लागले पाहिजे, मग दोन्ही बाजूंचे फाटे. म्हणजे चिखल मधून बाहेर ढकलला जातो. मोटारीच्या अशा टायरांत चिखलाच्या जागी पावसाचे पाणी. मधून भांग पाडावा तसे ते दोन्हीकडे सारले जाते आणि रबराला रस्ता सापडतो. टायर उलटे फिरले की ह्या खाचा बाहेरचे पाणी मध्ये आणू लागतात. पाणी फार झाले की रबर आणि रस्ता ह्यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो, मग ब्रेक नाही की वळण नाही. चाकाचा रस्त्याला टेकणारा भाग तो केवढा? जेमतेम आपल्या तळहाताएवढा! अशा चार तळहातांवर सगळी गाडी.

वाकून पाहिले तर टायरच्या बाजूला उठावाच्या अक्षरांत 'रोटेशन' असे इंग्रजीत लिहिलेले आणि पुढे एक बाण. मी ह्यांना हाक मारली. हे आले, चाक पाहिले आणि म्हणाले, "अगं, बाण पुढेच बघतोय की! उगीच काहीतरी." बाण पुढे बघत होता हे खरे, पण तो चाकाच्या खालच्या अंगाला होता. खोच नेमकी इथेच आहे. चाक पुढे जाताना त्याचा वरचा भाग पुढे जातो आणि खालचा मागे.

तोंडी सांगून पटेना, म्हणून स्वयंपाकघरातून डब्याचे झाकण आणले. काठाजवळ खडूने बाण काढला आणि झाकण ओट्यावर उभे धरून पुढे घरंगळत नेले. बाण वर आला तेव्हा पुढे बघत होता, खाली गेला तेव्हा मागे. तुम्हीही करून पाहा. मग भावाने गाडी हातभर पुढे घेतली. बाण वर आला आणि सरळ मागच्या दिव्यांकडे बघू लागला. चारही चाकांची तीच तऱ्हा. हे काही बोलले नाहीत, मुकाट्याने बाह्या सारून जॅक काढला.

आता ह्यातले शिवणाचे गणित सांगते. शाळेत मी अर्धवेळ शिवण शिकवते, त्यामुळे मला ते तसेच उमगले. ब्लाउजच्या बाहीचा कागद एकच असतो. तो सुलटा ठेवला की उजवी बाही आणि पालथा ठेवला की डावी. बाणाचे टायरही कारखान्यातून एकाच प्रकारचे येते. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चाकावर, म्हणजे रिमवर, ते ज्या तोंडाने चढवले त्यावर ते डावे की उजवे हे ठरते. एकदा ठरले की त्याने आपली बाजू सोडायची नाही. डावीकडच्या डावीकडे पुढचे मागे करता येते, तेही चारही टायर एका मापाचे असतील तरच. कित्येक स्पोर्ट्स गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तिथे प्रत्येक चाकाची जागा एकच.

आमचे काम सोपे होते, कारण टायर रिमवर बरोबर चढलेले होते, फक्त बाजू चुकली होती. चारही चाके आपापल्या बाजूला आणली की झाले. पण टायरच रिमवर उलटे चढवले असेल तर ते यंत्रावर काढून, पालथे करून पुन्हा चढवावे लागते आणि चाकाचे बॅलन्सिंगही पुन्हा करावे लागते. काही गाड्यांच्या रिमचे आरेही पंख्याच्या पात्यासारखे एका दिशेने वळलेले असतात. असे रिम डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगळे बनवलेले असतील, तर तेही आपल्याच बाजूला हवेत.

आता एवढे लक्षात ठेवा:

१. बाण चाकाच्या वरच्या भागात असताना गाडीच्या तोंडाकडे बघायला हवा. बाण कुठे दुसरीकडे असेल तर गाडी थोडी पुढे घ्यायला सांगा. नुसत्या नक्षीवरून अंदाज करू नका, बाण खरा. तुमच्या स्कूटरच्या टायरवरही बहुधा असा बाण असेल, तोही पाहा.

२. काही टायरांवर बाणाऐवजी 'आउटसाइड' असे लिहिलेले असते. ती बाजू बाहेरून दिसली पाहिजे. अशा टायरांना दिशेचे बंधन नसते, आतबाहेरचे असते.

३. चाक बसवल्यावर नट ओळीने आवळू नयेत. एक आवळला की समोरचा आवळावा, म्हणजे चाक तिरपे बसत नाही. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.

४. वाटेत जादाचे चाक बसवल्यावर बाण उलटा पडला तर घाबरू नका. सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जा आणि पाण्यातून तर अगदीच हळू.

५. टायरच्या खाचांत मधूनमधून रबराची छोटी उंची असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलावे. मग बाण सुलटा असूनही उपयोग नाही.

६. टायरचे वय त्याच्यावरच लिहिलेले असते. शेवटचे चार आकडे पाहा. २३२३ असेल तर २०२३ सालचा तेविसावा आठवडा. नवे टायर घेताना हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दुधाची पिशवी घेताना तारीख पाहतोच की आपण!

७. हवा सकाळी, गाडी फार चाललेली नसताना तपासावी. चालून टायर तापले की आतला दाब वाढतो आणि आकडा फसवा येतो. हवा किती हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते.

हवा भरलेले टायर जॉन बॉइड डनलॉप ह्या जनावरांच्या डॉक्टरने बेलफास्टला आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलसाठी बनवले. पोराला गचके बसू नयेत एवढीच त्या बापाची इच्छा. मग पोरांच्या आईने टायरकडे पाहू नये, हा नियम कुणी केला?

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. त्या दिवशी गाडी सरकली ती केवळ उलट्या टायरांमुळे, असे मी म्हणणार नाही. वेग होता, पाणीही होते. टायर कितीही सुलटे असले तरी साचलेल्या पाण्यात वेग कमी हवाच. भावाने ते मान्य केले. तो आणि हे घाटातून सावकाश गेले आणि इंदूरहून सुखरूप परतले. माझी मुलगी आता रिक्षात बसायच्या आधीही चाकाकडे वाकून बघते. ह्यांनी परवा स्कूटरचे टायर बदलले तेव्हा दुकानातूनच मला फोन केला, "बाण वर आहे आणि पुढे बघतोय. घेऊन येऊ ना?"

पुढच्या अंकात पावसाळ्यात धान्याला किडे लागू नयेत म्हणून काय करावे, ते पाहू.