बेटावरचे रिकामे दिवस

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या घरांतून प्रवासाची बोलणी सुरू होतात. त्यांत यात्रेला अग्रस्थान असते आणि ते योग्यच आहे. परंतु यात्रेत नियम असतात, वेळापत्रक असते, दर्शनाची ओढ असते. तिला विश्रांती म्हणता येत नाही. केवळ विश्रांतीसाठी, समवयस्क मित्रांसह, कोठेतरी दूर जाऊन काही दिवस राहावे ही कल्पना आमच्या पिढीला अजूनही थोडी संकोचाची वाटते. आम्ही नऊ जण गेल्या मार्गशीर्षात अंदमानला जाऊन आलो. चार दांपत्ये आणि एक विधुर मित्र. या महिन्याचे स्तंभलेखन त्याविषयीच.

शहापूरच्या माणसाला पाणी अपरिचित नाही. वैनगंगा जवळ आहे आणि भंडारा जिल्हा तर माजी मालगुजारी तलावांचाच. पण समुद्र आमच्यापासून इतका दूर की आमच्यापैकी तिघांनी वयाच्या साठीपर्यंत तो पाहिला नव्हता. अंदमान हे नाव मात्र मराठी घरात लहानपणापासून कानांवर पडते, आणि ते सुट्टीचे ठिकाण म्हणून पडत नाही. इंग्रजांनी १८५७ च्या उठावानंतर लगेच, १८५८ च्या मार्चमध्ये तेथे बंदिवानांची वसाहत वसवली. पुढे १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल उभे राहिले. ‘काळे पाणी’ या दोन शब्दांचा धाक आमच्या आजोबांच्या पिढीने अनुभवला होता. त्याच बेटांवर आज विश्रामगृहे आहेत, नारळाच्या बागेत बांधलेल्या कुट्या आहेत आणि सरकारी नोकरांना रजा-प्रवास सवलतीत तेथे विमानाने जाण्याची विशेष मुभाही मिळत आली आहे. माझे बँकेतील कित्येक सहकारी नोकरीत असतानाच जाऊन आले होते. त्यांच्याकडून ऐकलेल्या वर्णनांत एक गोष्ट समान होती: सहा दिवसांत अठरा स्थळे पाहिली आणि परतल्यावर दोन दिवस झोपून काढले.

आम्हाला ते नको होते. परंतु काय नको हे ठरवणे सोपे असते. काय हवे हे नऊ जणांत ठरवणे कठीण.

पहिला प्रश्न पैशाचा आला, आणि मित्रमंडळींच्या सहलीत हा प्रश्न जितक्या लवकर व जितक्या उघडपणे बोलला जाईल तितके चांगले, असे माझे चाळीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब पाहून झालेले मत आहे. आमच्यापैकी दोघे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, एकाची भातगिरणी, मी बँकेचा निवृत्तिवेतनधारक आणि पाचवे आमचे गुरुजी. गुरुजींनी सारी हयात विनाअनुदानित शाळेत घालवली. त्यांना निवृत्तिवेतन नाही. मुलगा पाठवतो त्यात आणि दोन शिकवण्यांत त्यांचे चालते. गिरणीवाल्या मित्राने स्वराजद्वीपावरील एका ऐसपैस निवासाची चित्रे भ्रमणध्वनीवर सर्वांना पाठवली, तेव्हा सर्वांनी कौतुकाचे शब्द लिहिले. गुरुजींनी काहीच लिहिले नाही. दोन दिवसांनी त्यांनी मला सांगितले, “माझे गुडघे दुखतात हो. तुम्ही सर्व जाऊन या.”

गुडघे दुखत नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो वर्गणीचा: आपण चौघे मिळून त्यांचा भार उचलू. हेतू चांगला असला तरी हा उपाय मला कधी पटला नाही. ज्याचा खर्च इतरांनी केला तो माणूस सहलीभर पाहुण्यासारखा वागतो. खिडकीची जागा मागत नाही, जेवण खारट झाले तरी बोलत नाही. म्हणून मी उलटा हिशेब मांडला. गुरुजी सहजपणे किती देऊ शकतील हे त्यांच्याशी एकांतात बोलून काढले आणि तो आकडा सर्वांची मर्यादा म्हणून बैठकीत ठेवला, कोणाचा आहे हे न सांगता. गिरणीवाले मित्र चतुर आहेत, त्यांना उमगले; पण त्यांनी एक अक्षर काढले नाही, उलट “मलाही एवढा खर्च डोईजड होत होता” असे म्हणाले. हे धादांत असत्य होते. सत्यव्रताचा काटेकोर विचार करणाऱ्यांनी त्यांना क्षमा करावी.

त्या मर्यादेत ऐसपैस निवास बसत नव्हता. शहीदद्वीपावरील एक साधे विश्रामस्थान बसत होते: पत्र्याच्या छपराच्या कुट्या, वातानुकूलन नाही, ओटीवर दोरीचा झोपाळा आणि चाळीस पावलांवर समुद्र. ज्यांना ही नावे नवी असतील त्यांच्यासाठी सांगतो की २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचे स्वराजद्वीप, नीलचे शहीदद्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले. पोर्ट ब्लेअरलाही २०२४ पासून श्री विजयपुरम हे नाव आहे. बेटावरील माणसे मात्र बोलताना अद्याप सर्रास हॅवलॉक आणि नील असेच म्हणतात.

दुसरा मतभेद बाराटांगच्या फेरीवरून झाला आणि तो अधिक गंभीर होता. बाराटांग बेटावर चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे. तेथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिम जमातीच्या राखीव अरण्यातून जातो. जारवांची संख्या अवघी काही शेकडा. बाहेरच्या जगाशी त्यांचा शांततेचा संबंध १९९७-९८ नंतरचा, आणि त्यापाठोपाठ १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव क्षेत्रातील हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता; रस्ता आजही वाहतो आहे. ठरावीक वेळी पोलीस बंदोबस्तात वाहनांचा ताफा सोडतात. थांबणे, छायाचित्र घेणे, खाऊ देणे हे सारे गुन्हे आहेत. तरीही खाऊच्या मोबदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ च्या जानेवारीत उजेडात आली आणि जगभर तिची चर्चा झाली.

आमच्या सहल-व्यवस्थापकाने दूरध्वनीवर सांगितले, “साहेब, पहाटे तीनला निघू. गुहा तर आहेतच, पण नशीब असेल तर वाटेत जारवाही दिसतील.” मित्रांपैकी दोघांना जाण्याची इच्छा होती. गुहा पाहण्यात पाप नाही, रस्ता सरकारचा आहे, आपण काच खाली करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. मी आरोग्याचा, न्यायालयाचा मुद्दा मांडला. तो कोणाला फारसा भिडला नाही. निर्माणीतून निवृत्त झालेल्या मित्राच्या पत्नी तोवर भाजी निवडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आपल्या अंगणातून रोज माणसांनी भरलेल्या गाड्या जाऊ लागल्या आणि प्रत्येक खिडकीतून कोणी आपल्याकडे बघू लागले, तर आपण दार लावून घेऊ. त्यांना तर दारच नाही.” बाराटांग कार्यक्रमातून गेले. गिरणीवाल्या मित्राला अजूनही ते पूर्ण मान्य नाही. ‘आपण नऊ जण गेलो नाही म्हणून ताफा थांबला का’ हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी न गेल्याचे मला समाधान आहे.

अशा रीतीने गाळत गाळत जे उरले ते असे: श्री विजयपुरमला पहिली आणि शेवटची रात्र, मध्ये चार रात्री शहीदद्वीपावर एकाच ठिकाणी. शेवटची रात्र मुख्य बेटावर ठेवणे हे प्रत्येक प्रवाशाने पाळावे, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान कोणासाठी थांबत नाही.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी पाहिले. मूळच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. सहाशे नव्वदहून अधिक कोठड्या होत्या आणि एका शाखेचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे बंदिवानाला समोर माणसाचा चेहरा दिसू नये. सावरकर येथे १९११ पासून दहा वर्षे होते. त्यांची कोठडी, कोलू, फाशीघर यांविषयी ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या मराठी वाचकाला मी नवीन काय सांगणार? गुरुजींनी तेथे एक गोष्ट दाखवली. वरच्या गच्चीतून समुद्र फार सुंदर दिसतो. कोठडीचा झरोका मात्र इतका उंच आहे की आतून त्यातला थेंबही दिसणार नाही.

आता बेटाविषयी. शहीदद्वीपावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले. त्यामुळे बोली बंगाली, किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, आणि शेतात भात व भाजीपाला. भंडाऱ्याच्या माणसाला बांध दिसला की परकेपणा निम्मा सरतो. आम्ही दुसऱ्या दिवशी समुद्र सोडून भाताची शेतेच पाहत हिंडलो, याची स्त्रियांनी पुष्कळ थट्टा केली.

जेवणाची चिंता सर्वांना होती. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य हे आधी कळवले होते. पण खरी अडचण सूर्याची निघाली. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि हे बेट सुमारे ९३ अंशांवर. म्हणजे सूर्य तेथे घड्याळाच्या चाळीस मिनिटे पुढे धावतो. शहापूरला डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास. तेथे पाच वाजण्यापूर्वीच. विश्रामस्थानाचे रात्रीचे जेवण साडेसातला. अनथाऊ पाळणाऱ्यांना चार वाजता ताट हवे, हे व्यवस्थापकाला समजेना. स्वयंपाकी वयस्कर होता, त्याला लगेच समजले. तो म्हणाला, “माझी विधवा आजीही कांदा-लसूण खात नसे. तिची चूल वेगळी होती.” त्याने चारही दिवस दुधी, लाल भोपळा, कच्ची केळी, डाळ आणि भात असे साधे व चविष्ट जेवण चार वाजता वाढले. त्यामुळे झाले असे की सूर्य मावळताना आमची सर्व कामे संपलेली असत. संध्याकाळ आणि रात्र यांच्यामध्ये तीन तास पूर्णपणे रिकामे. कोणाला स्वयंपाक नाही, कोणाला दूरदर्शन मालिका नाही. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्रतळाने तार आल्यापासून तेथे आंतरजाल बरे चालते, परंतु आमच्या कुट्यांत ते रडतखडतच पोहोचे; तक्रार कोणी केली नाही.

त्या तीन तासांत आम्ही काय केले, असे मुलांनी विचारले. समुद्र पाहिला. नदी पाहणाऱ्याला भरती-ओहोटीचे नवल कळत नाही, ते पाहावेच लागते. दिवसातून दोनदा पाणी इतके दूर जाई की प्रवाळाचे खडक उघडे पडत आणि त्यांच्या खळग्यांत लहान मासे, खेकडे, समुद्रकाकड्या अडकून राहत. पाऊल ठेवण्यापूर्वी जागा पाहावी लागे. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काठावरूनच पाहणे पसंत केले. मी सवयीने वहीत वेळा टिपल्या. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हा चंद्राचा हिशेब चार दिवसांत जुळला आणि ताळेबंद जुळल्याचा जुना आनंद झाला. विधुर मित्र, जे पत्नी गेल्यापासून चारचौघांत तिचे नावही काढत नसत, ते तिसऱ्या संध्याकाळी अंधारात तिच्याविषयी तासभर बोलले. मध्ये कोणी काही विचारले नाही. शहापूरला आम्ही रोज भेटतो. तीन वर्षांत असा तास मिळाला नव्हता, कारण कोणाला तरी कोठेतरी जायचेच असते.

पाण्याविषयी एक सूचना. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या दुपटीहून अधिक. पण लहान बेटावर तो साठत नाही, समुद्रात जातो. उन्हाळ्याकडे झुकताना विहिरी आटतात. आपल्या मामा तलावांची किंमत मला तेथे बादलीने स्नान करताना पुन्हा कळली. शंख-शिंपले उचलून आणू नयेत, त्यावर निर्बंध आहेत. औषधे येथूनच न्यावीत. बोट लागणाऱ्यांनी पोट हलके ठेवावे.

परतल्यावर सामाईक निधीचा जमाखर्च लिहून सर्वांना दिला. १,८०० रुपये शिल्लक होते, प्रत्येकी २०० आले. ‘राहू द्या, पुढच्या वेळी उपयोगी पडतील’ असे चौघे म्हणाले. गुरुजींनी मात्र आपले २०० रुपये मोजून खिशात ठेवले आणि पावती मागितली.